व्यत्यय

गेल्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द 'गेलं' हा होता. आई तो अगदी सहज म्हणायची. आवाज चढवून नाही, वैतागूनही नाही. तिच्या खोलीतून 'गेलं' एवढंच ऐकू यायचं, मग जरा वेळ शांतता, आणि मग त्याच सुरात 'आलं'. मी तेव्हा घरी नसायचो. रात्री पोचलो की बायको किंवा मुलगी आकडा सांगायची : आज तीनदा गेलं, आज पाचदा.

लोकांच्या कचेऱ्यांमध्ये नेटवर्क उभं करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. गुरुग्राममध्ये अकरा मजल्यांची एक इमारत माझ्या देखरेखीखाली चालते. आणि माझ्याच घरात, हॉलमधून आईच्या खोलीपर्यंत, जेमतेम चाळीस फुटांवर, एक नाट्यगीत सलग पोचत नव्हतं.

बाबा गेल्यानंतर आई पुण्याचं घर बंद करून आमच्याकडे आली. आम्ही ग्रेटर नोएडा वेस्टला राहतो, ज्याला इथले सगळे अजून नोएडा एक्स्टेंशनच म्हणतात. बावीस मजली इमारती, खाली बाग, बागेत संध्याकाळी बाकांवर बसणाऱ्या आज्या. त्यांच्याशी आईची मैत्री झाली, पण ती हिंदीतली, म्हणजे तब्येत, हवा आणि सुना एवढ्यापुरती. पहाडगंजला मराठी शाळा आहे, महाराष्ट्र रंगायन आहे, पण इथून पहाडगंजला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस. मराठी ऐकायचं ते घरात आणि बाबांच्या कॅसेटींमधून.

बाबा बँकेत होते आणि त्यांना संगीत नाटकांचं वेड होतं. आकाशवाणीवर नाटक लागणार असलं की ते टू-इन-वनमध्ये कोरी कॅसेट घालून तयार बसायचे. अशा त्र्याऐंशी कॅसेटी निघाल्या. मी त्या एका बॅगेत भरून आणल्या आणि पुढचे सहा-सात महिने दर सुट्टीला एक एक कॅसेट संगणकावर उतरवली. या कामात घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला बाबा स्वतःच्या आवाजात तारीख आणि नाटकाचं नाव सांगत, व्हाउचरवर शिक्का मारावा तसं. ते तुकडे कापून टाकायचं माझ्या मनात होतं, म्हणजे नाटक थेट सुरू झालं असतं. पण त्र्याऐंशी गुणिले दोन बाजू एवढं काम बघून कंटाळा केला आणि राहून गेलं.

सगळं एका हार्ड डिस्कवर ठेवलं, ती हॉलमधल्या जुन्या लॅपटॉपला जोडली, आणि आईच्या खोलीतल्या टीव्हीवर मोठ्या अक्षरांत यादी दिसेल अशी सोय केली. वर, खाली आणि ओके अशी तीन बटणं आई एका दिवसात शिकली. रोज संध्याकाळी सातला दिवा लावून झाला की ती 'सौभद्र' किंवा 'मानापमान' लावून बसायची. आणि मग 'गेलं'.

पहिली चूक मी तीच केली, जी सगळे करतात. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिकडच्या मुलाने आमची जोडणी तपासली, ती उत्तम असल्याचं सांगितलं आणि वरचा प्लॅन घ्यायला सुचवलं. मी घेतलासुद्धा! आता विचार केला की हसू येतं. बाबांची कॅसेट ऐकायला सेकंदाला १२८ किलोबिट पुरतात, आणि आमच्याकडे आधीपासून १०० मेगाबिट येत होते, म्हणजे गरजेच्या सातशेपटींहून जास्त. शिवाय तो आवाज इंटरनेटवरून येतच नव्हता. तो हॉलमधल्या डिस्कवरून निघून लॅपटॉपमधून राउटरकडे आणि राउटरकडून हवेतून आईच्या टीव्हीकडे जात होता. बाहेरचं इंटरनेट पूर्ण बंद असतं तरी 'सौभद्र' चालायला हवं होतं. विहीर आपल्या अंगणात असताना मी नगरपालिकेला पत्रं लिहीत होतो.

दुसरी चूक म्हणजे नवा राउटर. तिसरी म्हणजे सिग्नल वाढवणारी एक पेटी. ती मी आईच्या खोलीच्या दारात, जिथे सिग्नल आधीच मेलेला होता, तिथे लावली. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला निरोप्या नेमावा, तसं झालं. ती अर्धवट पोचलेलं अर्धवटच पुढे पाठवू लागली आणि वर त्यात वेळही खाऊ लागली.

ऑफिसात मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो की एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बिघाड ज्या वेळी होतो त्या वेळी तिथे हजर राहा. घरी मी दोन्ही नियम मोडले होते. मी साडेनऊला घरी यायचो, जेवायचो आणि साडेदहाला आईचा टीव्ही लावून बघायचो. तो एकदाही बंद पडला नाही. अर्धा अर्धा तास मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून वाट बघायचो. आई म्हणायची, "आत्ता चालेल रे. रात्रीचं नीट चालतं." आणि पुढे, "राहू दे. माझं काही अडत नाही." हे तिचं नेहमीचंच. गुडघा दुखला तरी राहू दे, चष्म्याची दांडी तुटली तरी राहू दे. मी ते मनावर घेतलं नाही.

तिला एवढंच सांगितलं, की जेव्हा जाईल तेव्हा वेळ लिहून ठेव. तिने वेगळी वही केली नाही. भिंतीवर कालनिर्णय होतं, ज्यात दूध, गॅस आणि कपड्यांच्या इस्त्रीचा हिशोब असायचा. त्याच चौकोनांत ती लिहू लागली : '७.४० गेलं.' '८.२५ गेलं, लाइट पण गेले.'

आई बंद पडण्याला आणखी एक शब्द वापरायची : व्यत्यय. "आज दोन व्यत्यय झाले." माझ्या मुलीला हा शब्द भलताच आवडला. तिला तो कुठून आला ते सांगावं लागलं. भारतात टेलिव्हिजन सुरू झालं ते इथे दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ला. मुंबईला ते यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडलं. दिल्लीच्या प्रक्षेपणात खंड पडला की पडद्यावर 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी यायची, आणि मुंबईचं मराठी बघणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरी 'व्यत्यय' यायचा. बायको दिल्लीतच वाढलेली, त्यामुळे तिची रुकावट आणि माझा व्यत्यय. मुलीच्या पिढीला पाटी माहीत नाही, तिच्यासाठी पडद्यावर एक गोल फिरत राहतो.

व्यत्ययाचे दोन प्रकार होते. पाटी आली तर दोष त्यांचा, आपण चहा टाकायचा. पण पडद्यावर मुंग्या आल्या तर दोष आपल्या गच्चीवर. पुण्यात सगळ्यांचे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून असायचे, कारण प्रक्षेपणाचा मनोरा तिथे होता. वारा सुटला किंवा कावळा बसला की अँटेना फिरायचा. मग बाबा गच्चीवर जायचे, आई जिन्याच्या खिडकीत उभी राहायची आणि मी टीव्हीसमोर. "आलं का?" "नाही." "आता?" "आलं आलं! गेलं." "आता?" "आलं! हलू नका!" छायागीत लागायच्या आत हे उरकायचं असे. बाबांना टीव्ही दिसत नसे, मला अँटेना दिसत नसे आणि मधे उभ्या असलेल्या आईला दोन्ही दिसत नसे. तरी ते जमायचं.

नोव्हेंबरात हवा बिघडली. दिल्लीत राहणाऱ्याला हे सांगायला नको. शेतातली पराली, वाहनं, बांधकामाची धूळ, आणि वर थंडीने दाबून धरलेलं सगळं. आकडा चारशेच्या वर गेला, बागेतले बाक रिकामे झाले, खिडक्या बंद झाल्या आणि आईचं खाली जाणं थांबलं. प्रदूषण अशा पायरीवर गेलं की कचेऱ्यांना निम्मे लोक घरी बसवायला सांगतात. माझी पाळी आली. कितीतरी महिन्यांनी मी कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता घरात होतो.

पहिल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन आईच्या खोलीतच बसलो. तिने दिवा लावला, यादीतून 'सौभद्र' काढलं आणि ओके दाबलं. सात चाळीसला आवाज अडखळला, पडद्यावरचा गोल फिरला आणि यादी परत आली. "गेलं," आई म्हणाली. तिने रिमोट उचलला, घाई न करता ओके दाबलं, पदर सारखा केला आणि ताठ बसली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. बाबांनी तारीख सांगितली. मी वहीत ७.४२ लिहिलं. मी एवढंच लिहिलं.

चार दिवस मी वेळा लिहिल्या, आणि कालनिर्णयाचे गेल्या दोन महिन्यांचे चौकोन त्यांच्याशेजारी मांडले. मग चित्र दिसायला लागलं. एक बिघाड नव्हताच, तीन होते, आणि एकमेकांच्या आड लपले होते.

पहिला विजेचा. आमच्याकडे लाइट गेले की पंधरा-वीस सेकंदांत सोसायटीचा जनरेटर सुरू होतो. माणसाला एवढा वेळ काहीच नाही, पंखासुद्धा पुरता थांबत नाही. पण राउटर तेवढ्यात विझतो आणि पुन्हा उठून जागेवर यायला दोन-तीन मिनिटं घेतो. यावर उपाय सोपा होता. राउटरपुरती एक छोटी बॅटरी मिळते, ती लावली.

दुसरा भिंतींचा. आमच्या इमारतीत विटाच नाहीत. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात, पोटात लोखंडी जाळी घालून. इमारत लवकर उठते आणि भूकंपाला टिकते, पण खिळा ठोकायला ड्रिल मशीन लागतं. आणि वायफायचं म्हणाल, तर त्याच्या दोन पट्ट्या असतात. पाच गिगाहर्ट्झची जलद, पण भिंतीपुढे हात टेकणारी. २.४ गिगाहर्ट्झची जरा हळू, पण भिंतीपलीकडे जाणारी. हॉल आणि आईची खोली यांच्यामध्ये अशा दोन भिंती आणि स्वयंपाकघर. त्यामुळे तिच्या टीव्हीला २.४ची वाट धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या वाटेवर संध्याकाळी काय गर्दी असते, ते मी फोनवर बघितलं. वरचे, खालचे, शेजारचे मिळून एकतीस राउटर. त्या पट्टीत एकमेकांना न घासता जातील असे रस्ते तीनच, एक, सहा आणि अकरा क्रमांकाचे. एकतीस बिऱ्हाडं आणि तीन रस्ते. रात्री साडेदहाला निम्मी बिऱ्हाडं झोपलेली असायची, म्हणून माझ्यासमोर ते कधी बंद पडलं नाही.

पण गर्दीने आवाज अडखळेल, पूर्ण तुटायला आणखी काहीतरी हवं. ऐकण्याच्या यंत्रात थोडा साठा असतो. पुण्याला नळ गेला तरी पिंपात पाणी असायचं, तसा. दहा-वीस सेकंद पुरवठा आला नाही तरी पिंपातलं पुरतं. ते पिंपही आटेल असं काय होत होतं, रोज साधारण सात चाळीस आणि साडेआठच्या सुमाराला?

उत्तर स्वयंपाकघरात होतं. सात चाळीसला मुलगी क्लासहून येते आणि दूध गरम करते. साडेआठला जेवण. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे त्याच पट्टीत. तो पेटीबंद असतो, पण दाराच्या फटीतून थोडं निसटतंच. माणसाला त्याचा अपाय नाही. पण राउटरचा आवाज जर कुजबुजीएवढा असेल, तर शेजारी गिरणी सुरू झाल्यासारखं होतं. आणि आमची गिरणी नेमकी वाटेत होती.

खात्री करायला प्रयोग केला. मी मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा वाडगा ठेवला, मुलीला मधल्या बोळात उभं केलं आणि आईला नाटक लावायला सांगितलं. दोन मिनिटांचं बटण दाबलं.

"आजी, चालू आहे का?"

"चालू आहे."

मिनिट होत आलं.

"आजी, आता?"

"अडकतंय... गेलं!"

मी दार उघडलं, ओव्हन थांबला.

"आता?"

"आलं!"

पुन्हा दाबलं. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदाही. मुलगी बोळात हसून हसून बेजार झाली होती. आणि आतून आईचा आवाज आला, तो मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, खिडकीतून गच्चीवर पोचेल असा : "आलं! आता हलू नका!"

मी पाण्याचा वाडगा हातात धरून खरोखरच हललो नाही.

रविवारी इलेक्ट्रिशियन आला. भिंत फोडायची नव्हती. इंटरकॉमसाठी भिंतीतून नळी गेलेली होती, तिच्यातून त्याने नेटवर्कची केबल खेचून आईच्या टीव्हीपर्यंत नेली. मी त्याला वायफायची सगळी कथा ऐकवली. त्याने तोंडावरचा मास्क खाली करून एकच वाक्य म्हटलं, "हवा का क्या भरोसा, भाईसाब. तार तो तार होती है." खिडकीबाहेर समोरची इमारत दिसत नव्हती. मी मान डोलावली.

दीड तासाचं काम होतं, त्यासाठी मी वर्ष घालवलं. बॅटरी, केबल, आणि सिग्नलची पेटी माळ्यावर. आणि हात घातलाच आहे तर पुरतंच करू या म्हणून एक शेवटची सुधारणा केली : नाटक जिथे थांबलं असेल तिथूनच पुढे सुरू व्हावं, अशी सोय त्या प्रोग्रॅममध्ये होती, ती चालू केली. म्हणजे आता कधी चुकून तुटलंच, तरी आईला पहिला प्रवेश दहाव्यांदा ऐकायला लागू नये.

त्या आठवड्यात कालनिर्णयाचे चौकोन रिकामे राहिले. 'गेलं' ऐकू आलं नाही. मी खूश होतो. शनिवारी चहा घेताना विचारलं, "आता सलग चालतं ना गं?"

"चालतं की. छान चालतं. 'सौभद्र' पुरतं झालं परवा. कितीतरी दिवसांनी."

"मग?"

"मग काही नाही." तिने बशी खाली ठेवली. "हे बोलत नाहीत आता."

माझ्या पटकन लक्षात आलं नाही. 'हे' म्हणजे कोण, तेही क्षणभर कळलं नाही.

"एकदम गाणंच लागतं," ती म्हणाली. "कालचं जिथे राहिलं तिथून. आधी कसं, गेलं की परत पहिल्यापासून लागायचं. हे तारीख सांगायचे. मग गाणं."

मी तिच्या खोलीत गेलो. यादीतली पहिली कॅसेट अगदी सुरुवातीला नेऊन लावली. खरखर, बटणाचा खटका, आणि मग बाबा, चाळिशीतले, माझ्या आजच्या वयाहून लहान : "तारीख चौदा जानेवारी एकोणीसशे शहाऐंशी, मंगळवार. संगीत सौभद्र. बाहेर थंडी आहे. हिने आत्ताच तिळगूळ दिलाय. हं, ऐका." आणि पुन्हा खटका.

ही कॅसेट मीच उतरवली होती. नव्वद मिनिटं शेजारी बसून. आवाजाची पातळी बघत होतो, शब्दांकडे लक्ष नव्हतं. आणि असे एकशे सहासष्ट तुकडे मी कापणार होतो.

आई दारात उभी होती. ओठ हलत होते, तारखेपासूनच. तिला पाठ होतं. दिवसातून तीनदा, पाचदा ऐकून. कालनिर्णयावरच्या माझ्या बिघाडाच्या नोंदी म्हणजे बाबा किती वेळा बोलले, त्याचा हिशोब होता. आणि 'राहू दे, माझं काही अडत नाही' हे तिने संकोचाने म्हटलंच नव्हतं. खरंच अडत नव्हतं.

"सांगायचं नाहीस का?" मी म्हटलं.

"काय सांगायचं? तू एवढी खटपट करत होतास." मग म्हणाली, "आणि पुढचं ऐकायचं होतंच की मला. तेही हवंच होतं."

मी ती सुधारणा काढून टाकली. आता नाटक नेहमी पहिल्यापासून लागतं. पुढे जायचं असेल तर एक बटण, परत सुरुवातीला यायचं असेल तर दुसरं, ही दोन बटणं आईला शिकवली. तिची तीनाची पाच झाली.

केबल घातल्यापासून व्यत्यय आलेला नाही. हवा सुधारल्यावर माझं ऑफिस पुन्हा रोजचं झालं, पण आठवड्यातून दोन दिवस मी घरून काम मागून घेतलं. त्या दिवशी सात वाजता आतून बाबांचा आवाज येतो : चौदा जानेवारी, मंगळवार, बाहेर थंडी आहे. मग गाणं सुरू होतं. कधी कधी पाच मिनिटांनी पुन्हा चौदा जानेवारी. पहिले काही दिवस मी वही घेऊन उठायचो. आता उठत नाही.